हिरडीतलं रक्त आणि त्याखालचं हाड

ब्रश करून चूळ टाकली आणि फेसात गुलाबी छटा दिसली, की बहुतेकांचा अंदाज ठरलेला असतो. ब्रश कडक असेल, जोर जास्त लागला असेल, टूथपेस्ट मानवली नसेल. मग ब्रश बदलतो, पेस्ट बदलते, आणि जिथून रक्त आलं त्या जागेवरून ब्रश जपून, खरं सांगायचं तर ती जागा चुकवूनच, फिरायला लागतो. काही दिवस रक्त दिसत नाही आणि विषय डोक्यातून जातो.

करायला हवं ते याच्या उलट. निरोगी हिरडीवरून मऊ ब्रश फिरवला तर रक्त येत नाही. येत असेल, तर तिथे सूज आहे, आणि सूज असेल तर बहुतेक वेळा तिथे जंतूंचा थर साचलेला आहे. म्हणजे ज्या जागेला घासण्याची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच आपण सोडून देतो. हिरड्यांचा आजार वाढतो तो बराचसा या गैरसमजावर.

यात दुखत काहीच नाही, ही दुसरी अडचण. किडलेला दात रात्रीची झोप उडवतो, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. हिरड्यांच्या आजारात वर्षानुवर्षं चटका नाही, ठणका नाही. कळतं तेव्हा दात हलायला लागलेला असतो.

हा आजार नेमका काय आहे हे समजायचं तर दात जबड्यात कसा बसलेला असतो तिथून सुरुवात करावी लागते. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये अगदी बारीक, साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि ती हजारो तंतूंनी भरलेली असते. तंतूंचं एक टोक मुळाला धरून, दुसरं हाडाला. आपण चावतो तेव्हा दात या तंतूंवर किंचित दबतो आणि परत येतो. घासात बारीकसा खडा आला तरी लगेच जाणवतो, तो याच तंतूंमधल्या संवेदनेमुळे. दात धरून ठेवण्याचं खरं काम हाड आणि हे तंतू करतात, हिरडी या सगळ्यावरचं आच्छादन. हिरडीची वरची कड दाताला पूर्ण चिकटलेली नसते, तिथे सभोवती एक उथळ खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर. सगळी गोष्ट या खाचेत घडते.

दातांवर जो पांढरट, मऊ थर जमतो त्याला प्लाक म्हणतात. पुष्कळांना वाटतं की ते अन्नाचे कण आहेत. नाहीत. तो जिवंत जंतूंचा थर असतो, त्यांनीच तयार केलेल्या चिकट पदार्थात रुतून बसलेला. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या हॉलंडच्या लेवेनहूकनं १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं होतं, की आपल्या दातांमधला पांढरा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यात इवलाले जीव वळवळताना दिसले. विशेष म्हणजे तो दात नियमित आणि काळजीनं साफ करणारा माणूस होता. प्लाक सगळ्यांनाच येतो, आणि घासून काढला की काही तासांत पुन्हा धरायला लागतो.

पाण्याच्या टाकीच्या भिंतीला धरलेला बुळबुळीत थर जसा नुसतं पाणी ओतून जात नाही, घासावाच लागतो, तसंच याचं आहे. चूळ कितीही जोरात भरली तरी अन्नाचे कण निघतात, प्लाक तिथेच राहतो. माउथवॉशसुद्धा वरवरच पोचतो. जाहिरातीत झाकणभर निळं पाणी तोंडात खळखळवून सगळे जंतू नाहीसे होतात, तसं प्रत्यक्षात होत नाही.

प्लाक काही दिवस तसाच राहिला तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. हेच किटण, दवाखान्यातल्या भाषेत टार्टर किंवा कॅल्क्युलस. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं जीभ फिरवून पाहा. तिथे खरखरीत लागलं तर बहुधा ते किटण आहे. तिथेच जास्त का? जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या नेमक्या त्या दातांमागे उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही असंच, कारण गालातल्या मोठ्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. किटण स्वतः हिरडीला फारसं काही करत नाही, पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्यावर नवा प्लाक चटकन धरतो. आणि ते ब्रशनं निघत नाही, कितीही घासलं तरी.

प्लाकमुळेच हिरडी सुजते हे आज सरळ वाटतं, पण ते पक्कं दाखवलं गेलं १९६५ साली. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा घासायला लावलं, आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. मला या प्रयोगाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सूज हिरडीपुरती असेल, म्हणजे जिंजिव्हायटिस या टप्प्यावर, तर ती पूर्ण बरी होते. मागे काही नुकसान राहत नाही. वर उल्लेख केलेलं गुलाबी रक्त बहुतेक वेळा याच टप्प्याची खूण असते.

पुढचा टप्पा पेरिओडोंटायटिस, ज्याला बरेच जण पायोरिया म्हणतात. सुजलेल्या हिरडीखाली प्लाक आत आत सरकतो. खाच खोल होते, ४, ५, ७ मिलिमीटर, आणि आता तिला पॉकेट म्हणतात. इतक्या खोल ब्रश पोचत नाही आणि ऑक्सिजनही फार कमी असतो. त्यामुळे तिथे वेगळ्या जातीचे, ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू वाढतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हे त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं नाव. मुळाला धरलेले तंतू सुटतात आणि हाड झिजायला लागतं.

हाड जंतू खातात असं नाही. जंतूंशी लढण्यासाठी शरीर पेशी आणि रसायनं पाठवतं, ही लढाई महिनोन् महिने चालू राहते, आणि तिच्या रेट्यात हाड विरघळवणाऱ्या आपल्याच पेशी जाग्या होतात. शरीर जणू हाड जंतूंपासून मागे घेतं. म्हणून सारख्याच अस्वच्छ तोंडाच्या दोन माणसांत नुकसान सारखं होत नाही. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा श्रीलंकेतला आहे. तिथल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० पुरुष कामगारांवर लो यांच्याच गटानं १९७० पासून १५ वर्षं लक्ष ठेवलं. दात घासण्याची सवय कुणालाच नव्हती. प्लाक, किटण आणि सुजलेल्या हिरड्या जवळपास सगळ्यांच्याच. तरीही सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे तो गेलाच नाही.

त्यामुळे 'आमचे आजोबा कधी दवाखान्यात गेले नाहीत, शेवटपर्यंत सगळे दात शाबूत होते' हे खरं असू शकतं. त्या ११ टक्क्यांत ते असतील. आपण त्यात आहोत की ८ टक्क्यांत, हे आधी सांगता येत नाही. घरात आई-वडिलांचे दात लवकर हलले असतील तर मात्र जरा जास्त सावध राहिलेलं बरं, कारण यात अनुवंशिकतेचा वाटा असतो. एक प्रकार तर ऐन किशोरवयात सुरू होतो आणि पहिल्या दाढा व पुढचे दात यांच्याभोवतीचं हाड वेगानं खातो. तो फार आढळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना हा आजार तीव्र स्वरूपात आहे, म्हणजे १०० कोटींहून जास्त लोकांना. एवढ्या लोकांना तो न दुखता होतो. असं का? दाताच्या आतली नस टणक, बंद पोकळीत असते. तिथे सूज आली की दाब वाढतो आणि वेदना असह्य होते. पॉकेट वरून उघडं असतं. पू झाला तरी तो हळूहळू बाहेर झिरपत राहतो, दाब साचत नाही. कधी पॉकेटचं तोंड बंद झालं तर गळू होतं, हिरडी टरारून फुगते आणि मग ठणका लागतो. पण गळू फुटलं की तो थांबतो, आणि 'बरं झालं' असं वाटून माणूस परत निर्धास्त.

दुखत नसलं तरी खुणा असतात. तोंडाला वास येतो, ब्रश केल्यावरही. हिरड्या खाली सरकून दात लांब दिसायला लागतात, गार पाणी मुळांना झिणझिण्या आणतं. दातांमध्ये अन्न अडकायला लागतं, जिथे आधी अडकत नव्हतं. आणि एक खूण लोक वयाच्या नावावर खपवतात: पुढचे दात पंख्यासारखे बाहेर पसरणं, दोन दातांमध्ये नवीन फट पडणं. प्रौढ वयात दात आपणहून जागा बदलत असतील, तर खालच्या हाडाचं काय झालंय ते पाहून घ्यायलाच हवं.

सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. हिरडी फिकट, घट्ट, वरून चांगली दिसते. आत हाड मात्र न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त वेगानं जातं आणि उपचारांचा गुणही कमी येतो. काही जण सिगारेट सोडतात, आणि थोड्याच दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर घाबरतात. इथे बिघडलेलं काही नसतं. आधी दडलेली सूज आता दिसायला लागलेली असते.

मधुमेहाशी या आजाराचं नातं दुहेरी आहे. रक्तातली साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार होण्याची आणि वाढण्याची शक्यता जास्त, आणि हिरड्यांतली सततची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारी रक्तचाचणी, टक्क्यांत मोजतात) सरासरी ०.३ ते ०.५ टक्क्यांनी उतरते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. मधुमेहाचं एखादं जादा औषध सुरू केल्यावर होणाऱ्या फरकाच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. तरीही मधुमेहाच्या तपासणीत हिरड्यांबद्दल क्वचितच कुणी विचारतं, हे मला खटकतं. हृदयविकाराबद्दल मात्र जपून बोलायला हवं. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो हे खरं, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. धूम्रपानासारखी कारणं दोन्हींना समान आहेत.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा प्लाकलाही जोरदार प्रतिसाद देतात. त्या काळात दातांची स्वच्छता करून घेणं सुरक्षित असतं, मधले तीन महिने त्यासाठी जास्त सोयीचे. काही औषधांनी हिरड्या वाढून दातांवर चढतात: फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं निफेडिपिन किंवा कधीकधी अॅम्लोडिपिन, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन. असं दिसलं तर गोळी मनानं बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त जास्त येईल, पण सूज त्या गोळीची नसते. रक्ताबरोबर अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, ताप, कमालीचा थकवा असेल तर दातांच्या नव्हे, आधी फिजिशियनकडे जावं आणि रक्त तपासून घ्यावं.

आता दवाखान्यात काय होतं ते. हिरड्यांची तपासणी नुसत्या नजरेनं होत नाही. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच सरकवतात आणि ती किती आत जाते ते पाहतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. शेजारी असिस्टंट आकडे लिहून घेत असते: 'तीन, दोन, तीन... तीन, पाच, सहा, रक्त.' खुर्चीत पडल्या पडल्या हे आकडे ऐकू येतात. २-३ ऐकू आले तर ठीक. ४ च्या पुढे, तेही रक्तासह, म्हणजे तिथे काम आहे. एक्स-रेमध्ये हाडाची कड दाताच्या मानेपासून किती खाली गेलीय ते दिसतं. तुम्हाला 'हिरड्या जरा वीक आहेत' इतकंच सांगितलं गेलं असेल तर आकडे विचारा. विचारायला काहीच हरकत नाही.

हल्ली रिपोर्टवर 'स्टेज ३, ग्रेड बी' असं लिहिलेलं असतं. ही वर्गवारी २०१८ पासूनची. स्टेज १ ते ४ म्हणजे आतापर्यंत किती नुकसान झालं आणि उपचार किती गुंतागुंतीचे, तर ग्रेड ए ते सी म्हणजे आजार किती वेगानं चाललाय. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी असतील, किंवा मधुमेहात एचबीएवनसी ७ किंवा त्याहून वर असेल, तर ग्रेड थेट सी.

उपचाराची सुरुवात स्केलिंगनं, म्हणजे यंत्रानं किटण काढण्यानं, होते. याच शब्दाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. 'एकदा दात साफ केले की हलायला लागतात', 'वरचं कवच निघून जातं', 'फटी पडतात'. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या तक्रारीमागे लोकांनी पाहिलेलं काहीतरी खरं असतं, म्हणून त्या नुसत्या हसण्यावारी नेऊ नयेत. वर्षानुवर्षं साचलेल्या किटणानं शेजारचे दात एकमेकांना जोडलेले असतात. हाड आधीच गेलेलं असतं, दात किटणाच्या आधारावर उभे असतात. ते काढलं की दात मुळात किती सैल होता ते कळतं. फटींचंही तसंच. जिथे किटण भरलेलं होतं आणि हिरडी सुजून फुगलेली होती, ती जागा सूज उतरल्यावर रिकामी दिसते. नुकसान आजारानं आधीच केलेलं असतं, दिसतं मात्र स्केलिंगनंतर. कवचाची भीती तर अगदीच निराधार. स्केलरचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि त्या थरथरीनं किटणाचे तुकडे सुटतात. नीट वापरलं तर दाताचं कवच खरवडलं जात नाही. नंतर काही दिवस गार पाणी लागतं, कारण झाकलेली मुळं उघडी पडतात. हे हळूहळू कमी होतं.

पॉकेट खोल असतील तर हिरडी बधिर करून आतल्या मुळांपर्यंत सफाई करतात, एका बैठकीत किंवा दोन-चार बैठकांत. त्यानंतर थांबून, साधारण दोन-तीन महिन्यांनी, पुन्हा तेच आकडे मोजतात. बहुतेक ठिकाणी सूज उतरलेली असते, हिरडी दाताला घट्ट बसते आणि ६ चा ४ होतो. जिथे होत नाही तिथे छोटी शस्त्रक्रिया लागू शकते, हिरडी बाजूला करून खालचं नीट दिसेल अशा रीतीनं. गेलेलं हाड आपणहून परत भरून येत नाही. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत हाडाची पूड किंवा पडदा वापरून थोडं परत मिळवता येतं, सगळीकडे नाही. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन हा आजार जात नाही, कारण थर जागच्या जागी राहिला तर गोळीचा असर त्यात पुरेसा पोचत नाही. आणि एकदा पेरिओडोंटायटिस झाला की दर तीन-चार महिन्यांनी, पुढे कदाचित सहा महिन्यांनी, तपासणी आणि सफाई चालू ठेवावी लागते. इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात.

घरी करायचं त्यात पेस्टचा ब्रँड सगळ्यात कमी महत्त्वाचा. मऊ ब्रश घ्या, केस हिरडीच्या कडेवर तिरके, सुमारे ४५ अंशांत टेकवा, म्हणजे टोकं त्या उथळ खाचेत शिरतात. मग जागच्या जागी लहान लहान थरथर, आणि पुढच्या दोन दातांकडे. आडवं खसाखसा घासल्यानं हिरडी मागे सरते आणि दाताच्या मानेशी खाचा पडतात. घाईत दातांचा पुढचा भाग चकचकीत होतो, आतली बाजू तशीच राहते, म्हणून सुरुवात आतून करावी. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. आणि दोन दातांच्या मधल्या जागेत ब्रश जात नाही, आजार मात्र बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. दात जवळजवळ असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक धागा, फटी असतील तर त्या मापाचा बारीक इंटरडेंटल ब्रश. पहिले काही दिवस रक्त येईल. थांबू नका. सूज फक्त हिरडीची असेल तर एक-दोन आठवड्यांत ते कमी होतं. तरीही येत राहिलं, तर खाली किटण किंवा पॉकेट आहे असं धरून तपासून घ्या. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टर देतात तो थोड्या दिवसांसाठी, बरेच दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

'दात काढून इम्प्लांट बसवू, कटकट संपेल' असा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इम्प्लांटही, म्हणजे कृत्रिम दातासाठीचा स्क्रू, हाडातच बसतं, आणि त्याच्याभोवती तो तंतूंचा थर नसतो, स्क्रू थेट हाडाला धरलेला असतो. त्याभोवतीही प्लाक धरतो, सूज येते आणि हाड जातं. त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात, त्यावरचे उपचार दाताभोवतीच्या उपचारांइतके भरवशाचे नाहीत. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजारानं गेले त्यांना याचा धोका जास्त. म्हणून चांगला डॉक्टर इम्प्लांटची तारीख देण्याआधी उरलेल्या दातांभोवतीचे आकडे ताळ्यावर आणायला सांगतो, आणि त्यात काही महिने जातात.